इलेक्ट्रॉनला आकारच नाही, मग तो ‘कण’ कसा?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही पतसंस्थेत हिशेब सांभाळता, शिक्षण वाणिज्य शाखेचं. मुलगी अकरावी सायन्सला. तिनं जेवताना विचारलं, “बाबा, अणू प्रोटॉन-न्यूट्रॉन-इलेक्ट्रॉनचा, प्रोटॉन क्वार्कचा, मग क्वार्क कशाचा? आणि इलेक्ट्रॉनला आकारच नाही म्हणतात, तर त्याला कण का म्हणायचं?” तुम्ही वाचायला बसलात. एकानं लहर म्हटलं, दुसऱ्यानं क्षेत्रातली खळबळ, तिसऱ्यानं नुसतं गणित. आता तुम्ही विचारताय की अवअणुकण या शब्दाचा भौतिकशास्त्रात खरा अर्थ तरी काय.

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. सुरुवातीची नऊ वर्षं वैश्विक किरणांसाठी, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर येणाऱ्या वेगवान कणांसाठी, डिटेक्टर बांधण्यात गेली. नंतरची अठरा वर्षं रुग्णालयाच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात भौतिकतज्ज्ञ म्हणून काम करतोय. मी सिद्धांत मांडणारा नाही, कण मोजणारा आहे. सिद्धांतातला माणूस याच प्रश्नाला दुसऱ्या टोकानं भिडेल आणि तोही बरोबरच असेल. मी माझ्या टेबलावरून जे दिसतं त्यावरून सांगतो.

एक लहान पण उपयोगाची गोष्ट सुरुवातीलाच. इंटरनेटवर मराठीबरोबर हिंदीतलंही वाचलं असेल तर गोंधळाचं एक कारण तिथेच आहे. मराठीत आपण ज्याला अणू म्हणतो त्याला हिंदीत परमाणु म्हणतात, आणि आपल्या रेणूला हिंदीत अणु. दोन्ही भाषांतले उतारे एकत्र वाचले की माणूस एक पायरी वर-खाली होतो. मी इथे शाळेच्या पुस्तकातले शब्द वापरतोय: रेणू अणूंचे, आणि अणूच्या आतले ते अवअणुकण.

आता मूळ अडचण. तुमची मुलगी अडलीय ती ‘कण’ या शब्दावर, आणि तिचं अडणं बरोबर आहे. साखरेचा कण, धुळीचा कण, तांदळाची कणी. या सगळ्यांत आपण तीन गोष्टी न बोलता धरून चालतो. कण हा मोठ्या वस्तूचा तुकडा असतो. त्याला काहीतरी आकार असतो. आणि जोर लावला तर त्याचाही बारीक तुकडा पडतो. अवअणुकणांच्या बाबतीत या तिन्ही गोष्टींपैकी एकही खात्रीनं धरता येत नाही. इलेक्ट्रॉनचा आकार शोधायचा प्रयत्न प्रोटॉनच्या आकाराच्या हजाराव्या भागापेक्षाही बारीक अंतरापर्यंत झालाय, काही सापडलेलं नाही. तुकडा पडलेला कुणी पाहिलेला नाही. आणि तो सापडला तोही वस्तू फोडत फोडत नव्हे. १८९७ मध्ये केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांनी हवा काढलेल्या काचेच्या नळीत किरण वाकवून पाहिले. नळीतला वायू बदला, इलेक्ट्रोडचा धातू बदला, प्रभार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर तेच येत होतं. म्हणून ते म्हणाले की हे सगळ्या पदार्थांत सारखंच असलेलं काहीतरी आहे. आपल्याकडे या विषयात कणादांचं नाव निघतंच. वैशेषिकांचा परमाणू म्हणजे पुढे भाग पडत नाही असा शेवटचा अंश, हा विचार मुलांना जरूर सांगावा. पण इलेक्ट्रॉनची ओळख ‘शेवटचा तुकडा’ म्हणून पटलेली नाही, ‘कुठूनही काढला तरी तोच आकडा’ म्हणून पटलेली आहे. माझं सगळं उत्तर या फरकावर उभं आहे.

तर मग ‘कण’ या शब्दात उरतं काय? दोन गोष्टी उरतात. एक, तो नेहमी पूर्ण येतो, अर्धा कधीच नाही. दोन, त्याची ओळख मोजक्या ठरलेल्या आकड्यांत संपते. हे नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून दाखवायचा प्रयत्न करतो.

वैश्विक किरणांच्या कामात नवीन मुलं आली की मी त्यांना पहिल्या आठवड्यात एकच काम द्यायचो: दोन पॅडल बांधा. पॅडल म्हणजे खास प्लास्टिकची पारदर्शक लादी, हाताला ॲक्रिलिकसारखी लागते. तिच्याभोवती चकचकीत फॉइल, त्यावर काळा कागद, त्यावर काळी टेप, आणि एका कडेला प्रकाश हजारो-लाखोपट वाढवून विजेच्या पल्समध्ये बदलणारी नळी, जिला आम्ही पीएमटी म्हणतो. विद्युतप्रभार असलेला कण लादीतून गेला की आत क्षीण निळसर चमक उठते. एक सेंटिमीटर जाडीत म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद, साधारण २० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं अगदी लहान एकक) ऊर्जा सोडतो आणि त्यातून वीसेक हजार फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, निघतात. डोळ्याला काही दिसत नाही, पण ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर खाली टोक असलेली एक सुई उमटते, काही नॅनोसेकंद रुंद. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग.

एकाच पॅडलवर भरवसा ठेवता येत नाही. पीएमटी स्वतःच्या उष्णतेनंही पल्स देते. माझ्या पहिल्या पॅडलची मोजणी रोज संध्याकाळी वाढायची आणि मी दोन दिवस त्याला कारणं शोधत होतो. शेवटी कळलं की संध्याकाळी बाहेरच्या पॅसेजमधली ट्यूबलाइट लागते आणि माझ्या टेपला टाचणीएवढं भोक राहिलंय. म्हणून दोन पॅडल एकावर एक ठेवायची आणि दोन्हींत काही नॅनोसेकंदांच्या आत पल्स आली तरच ‘एक’ मोजायचा. याला आम्ही कोइन्सिडन्स म्हणतो. दोन पॅडलच्या मध्ये शिशाची वीट ठेवली तरी मोजणी फारशी उतरत नाही. म्हणजे वरून येणारं जे काही आहे ते शिसं पार करून जातंय. ते म्यूऑन. वातावरणात वर, साधारण १५ किलोमीटर उंचीवर, वैश्विक किरण हवेतल्या अणुकेंद्रांवर आदळतात आणि त्यातून हे पुढे तयार होतात. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्यूऑन जातो. तुम्ही हे वाचताय तेवढ्यात तुमच्या तळहातातून काहीशे गेले असतील.

मोजणी यंत्राचा आकडा ४१२, ४१३, ४१४ असा जातो. पल्सची उंची कमी-जास्त होते, कारण प्रत्येक म्यूऑन लादीत किती ऊर्जा सोडेल यात चढउतार असतात. पण अर्धा म्यूऑन आला असं कधी होत नाही. आला तर एक, नाही तर शून्य. विद्युतप्रभाराचंही तसंच. १९०९ पासूनच्या काही वर्षांत अमेरिकेत मिलिकन यांनी तेलाच्या बारीक थेंबांवरचा प्रभार मोजला, तर तो एका ठरावीक रकमेच्या पटीतच निघाला. एक पट, दोन पट, सात पट. दीड पट नाही. तुमच्या भाषेत, निसर्गाच्या या खात्यात सुट्टे पैसे नाहीत.

आता दुसरी गोष्ट, आकड्यांची ओळख. यासाठी तुम्हाला माझ्या आजच्या विभागात नेतो.

पेट स्कॅन तुम्ही ऐकला असेल. सकाळी सायक्लोट्रॉनवरून, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रावरून, शिशाच्या जाड डब्यात किरणोत्सारी फ्लोरिन-१८ लावलेली साखर येते. तिचं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणून ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली की आमचं दिवसभराचं वेळापत्रक कोलमडतं. रुग्णाला इंजेक्शन देऊन साधारण तासभर शांत झोपवतात. जिथल्या पेशी साखर जास्त खेचतात तिथे ती साठते. फ्लोरिन-१८ च्या केंद्रातून पॉझिट्रॉन बाहेर पडतो. पॉझिट्रॉन म्हणजे वस्तुमान इलेक्ट्रॉनचंच, प्रभार तेवढाच पण धन. डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणातून त्याची चाहूल लागली होती आणि १९३२ मध्ये अँडरसन यांना बाष्पकोठीतल्या (कणाची वाट धुक्याच्या रेघेसारखी दाखवणाऱ्या डब्यातल्या) फोटोत त्याची वाट दिसली. रुग्णाच्या शरीरात तो मिलिमीटरभर, बहुतेक वेळा त्याहून कमी जातो आणि समोर इलेक्ट्रॉन भेटला की दोघंही संपतात. त्यांच्या जागी दोन फोटॉन जवळजवळ नेमक्या विरुद्ध दिशांना निघतात आणि भोवतीच्या कड्यातल्या समोरासमोरच्या दोन स्फटिकांत काही नॅनोसेकंदांच्या आत नोंद होते. पुन्हा तोच कोइन्सिडन्स, फक्त दोन पॅडलऐवजी हजारो स्फटिक.

प्रत्येक फोटॉनची ऊर्जा ५११ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. हा आकडा कुठून आला? इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ऊर्जेत मांडलं तर ते ५११ होतं. आमचे स्फटिक काही अगदी अचूक नसतात, त्यामुळे आलेखावर ५११ पाशी टोकदार रेघ न दिसता एक टेकडी दिसते. पण टेकडीचा माथा तिथेच. सरकला तर आम्ही यंत्र तपासतो. इलेक्ट्रॉन बदलला असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. रुग्ण लहान मूल असो की ऐंशीचे आजोबा, तो इलेक्ट्रॉन पाण्यातल्या हायड्रोजनचा असो की हाडातल्या कॅल्शियमचा, ५११. गेल्या अठरा वर्षांत मी हा माथा हजारो वेळा पाहिला, आणि मला अजूनही ही भौतिकशास्त्रातली सगळ्यांत विलक्षण गोष्ट वाटते. जगात दोन तांदळाचे दाणे सारखे नसतात. दोन इलेक्ट्रॉन मात्र नुसते सारखे नाहीत. त्यांच्यात फरक असायला जागाच नाही.

इलेक्ट्रॉन म्हणजे काय हे सांगायला एवढं पुरतं: वस्तुमान ५११, प्रभार उणे एक, स्पिन अर्धा. शिवाय निसर्गातल्या कोणत्या बलांना तो दाद देतो, कोणत्यांना नाही. स्पिन म्हणजे भोवऱ्यासारखं फिरणं नव्हे, तरी चुंबकीय क्षेत्रात त्याचा परिणाम खरोखर मोजता येतो. तो अर्ध्यात असेल तर दोन कण एकाच अवस्थेत बसू शकत नाहीत. म्हणून अणूत इलेक्ट्रॉन थरांत रचले जातात आणि रसायनशास्त्र घडतं. तो पूर्णांकात असेल तर कण एकाच अवस्थेत गर्दी करू शकतात. या दुसऱ्या गटाची मोजणी कशी करायची ते सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्याहून लिहिलेल्या लेखात प्रथम दाखवलं, म्हणून त्या कणांना बोसॉन म्हणतात.

‘क्षेत्रातली खळबळ’ असं तुम्ही वाचलंत तेही इथे जुळतं, आणि तुमच्या व्यवसायातलं उदाहरण त्याला माझ्या उदाहरणांपेक्षा बरं आहे. एखाद्या सभासदाच्या खात्यात दहा हजार रुपये आहेत. त्यानं पाचशे काढले. कोणते पाचशे? दिवाळीला भरलेले की पगाराचे? या प्रश्नाला अर्थ नाही हे तुम्हाला सांगायला नको. नोटांना नंबर असतात, खात्यातल्या रुपयांना नसतात. तिथे फक्त किती हे असतं. इलेक्ट्रॉन नोटेसारखा नाही, खात्यातल्या रुपयासारखा आहे. सगळ्या विश्वाला मिळून इलेक्ट्रॉनचं एकच खातं आहे, त्याला क्षेत्र म्हणायचं. त्या खात्यात एकानं वाढ झाली की आपण म्हणतो एक इलेक्ट्रॉन आला. नोंद पूर्ण एककातच होते आणि प्रत्येक रुपया दुसऱ्यासारखा असतो, कारण खातं एकच आहे. उपमेची मर्यादाही सांगतो: तुमच्या खातेवहीला जागा नसते, क्षेत्राला असते. ते अवकाशभर पसरलेलं आहे आणि त्यात लहरी उठतात.

लहर की कण, हा वादही मग तितकासा भयंकर राहत नाही. १९८९ मध्ये जपानमध्ये हिताची कंपनीच्या प्रयोगशाळेत तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन इतके विरळ सोडले की यंत्रात एका वेळी एकच असावा. प्रत्येक इलेक्ट्रॉनला पडद्यापर्यंत जायला दोन वाटा होत्या. पडद्यावर एकेक ठिपका उमटत गेला. पहिले काही ठिपके कुठेही, भिंतीवर रंगाचे शिंतोडे उडावेत तसे. हजारो ठिपके जमल्यावर मात्र काळे-पांढरे पट्टे स्पष्ट दिसू लागले, लहरींचे असतात तसे. ठिपका कुठे पडण्याची शक्यता जास्त हे लहर ठरवते. पडतो तेव्हा एक पूर्ण ठिपका पडतो. ज्यानं पट्टे पाहिले तो लहर म्हणतो, ज्यानं ठिपका मोजला तो कण म्हणतो. मी आयुष्यभर ठिपके मोजत आलो, म्हणून माझ्या तोंडी कण बसलाय.

आता मुलीचा पहिला प्रश्न: क्वार्क कशाचा? इथे मला थोडं थांबावं लागेल, कारण चूक ‘कशाचा’ या शब्दात लपलेली आहे.

रेणू अणूंचा आहे म्हणताना ‘चा’ अगदी ठाकठीक आहे. अणू केंद्र आणि इलेक्ट्रॉन यांचा, हेही ठीक. त्यापुढे तो शब्द डळमळायला लागतो. मोकळा न्यूट्रॉन सरासरी साधारण १५ मिनिटांत मोडतो आणि त्यातून प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो निघतात (न्यूट्रिनो हा प्रभार नसलेला, अगदी हलका कण, त्याची गोष्ट पुढे येते; ‘प्रति’ म्हणजे पॉझिट्रॉन जसा इलेक्ट्रॉनचा, तसा त्याचा उलटा जोडीदार). मग न्यूट्रॉनच्या आत हे तिघं बसले होते का? नाही. आमच्या फ्लोरिन-१८ मध्ये नेमकं उलटं घडतं: केंद्रातला प्रोटॉन न्यूट्रॉन होतो आणि पॉझिट्रॉन व न्यूट्रिनो बाहेर पडतात. दोन्ही खरं मानून ‘आत होते’ म्हणायचं तर न्यूट्रॉनमध्ये प्रोटॉन आणि प्रोटॉनमध्ये न्यूट्रॉन अशी पेटीत पेटी कधी संपणारच नाही. पॉझिट्रॉन आधी कुठेच नव्हता. तो त्या क्षणी तयार झाला, जशी ठिणगी गारगोटीत साठवलेली नसते.

याहून धक्कादायक उदाहरण १९५५ चं, बर्कलीचं. प्रोटॉन प्रचंड वेगानं लक्ष्यावर आदळवले. कधी कधी दोन प्रोटॉनांच्या टकरीतून तीन प्रोटॉन आणि एक प्रतिप्रोटॉन बाहेर आले. दोन मडकी एकमेकांवर आपटली आणि खापऱ्या पडण्याऐवजी चार आख्खी मडकी मिळाली असं समजा. टक्करीची ऊर्जा नव्या कणांच्या वस्तुमानात गेली. म्हणून ‘फोडून आत काय आहे बघू’ हा मार्ग एका पायरीनंतर बंद होतो. फोडायला लावलेली ऊर्जाच नवे कण घडवते.

प्रोटॉनमध्ये क्वार्क आहेत असं मग कशावरून म्हणायचं? त्यांना कुणी सुटं पाहिलेलं नाही. ओढायला गेलं तर लागणारी ऊर्जा वाढत जाते आणि तिच्यातूनच नवा क्वार्क आणि प्रतिक्वार्क तयार होऊन जोड्या लागतात. हाती सुटा क्वार्क येत नाही. तरी पुरावा भक्कम आहे आणि तो रदरफोर्ड यांच्या पद्धतीचा आहे. मँचेस्टरला १९०९ मध्ये गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण, म्हणजे हेलियमची केंद्रं, सोडले. काही थेट मागे उलटले, म्हणून १९११ मध्ये रदरफोर्ड म्हणाले की अणूत मध्ये घट्ट केंद्र आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या तीन किलोमीटर लांब यंत्रातून इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर सोडले, तर अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त इलेक्ट्रॉन मोठ्या कोनांत वळले. प्रोटॉन एकजिनसी गोळा असता तर असं होत नाही. आत बिंदूसारखं काहीतरी आहे. १९६४ मध्ये गेल-मान आणि झ्वाइग यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या क्वार्कांशी ते हळूहळू जुळत गेलं.

पण ‘प्रोटॉन तीन क्वार्कांचा’ हे वाक्य ‘डबा तीन पोळ्यांचा’ सारखं ऐकू नका. प्रोटॉनचं वस्तुमान ९३८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्यातल्या तीन क्वार्कांच्या वस्तुमानांची बेरीज नऊच्या आसपास. एक टक्का! बाकीचं सगळं वस्तुमान त्यांच्या हालचालीची आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या बलाची ऊर्जा आहे. ४ जुलै २०१२ ला हिग्ज बोसॉनची घोषणा झाली तेव्हा ‘सगळ्या वस्तूंना वस्तुमान देणारा कण’ असं सगळीकडे छापून आलं. ते बरोबर नाही, आणि मुलीला हे आवर्जून सांगा. हिग्ज क्षेत्राचा हिशेब क्वार्क, इलेक्ट्रॉन वगैरे मूलकणांच्या वस्तुमानाशी आहे. तुमच्या-माझ्या वजनकाट्यावर दिसणारा बहुतेक आकडा प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आतल्या ऊर्जेतून येतो.

तेव्हा क्वार्क कशाचा, याचं प्रामाणिक उत्तर: आजवरच्या कोणत्याही प्रयोगात त्याला आतला भाग दिसलेला नाही, इलेक्ट्रॉनलाही नाही. उद्या दिसणारच नाही असं कुणी म्हणत नाही. पण ‘प्रत्येक वस्तू कशाची तरी असलीच पाहिजे’ हा आपला मडक्या-भाकरीवरून आलेला अंदाज आहे, आणि तो खाली किती खोल चालतो ते प्रयोगानंच ठरतं.

तुम्ही हिशेबनीस आहात म्हणून न्यूट्रिनोची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बीटा ऱ्हासात केंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडायचा आणि दरवेळी ऊर्जेचा ताळा चुकायचा. कधी थोडी तूट, कधी जास्त. ऊर्जा टिकते हा नियमच सोडून द्यायचा विचारही मोठ्या लोकांनी केला. १९३० मध्ये पाउली यांनी सुचवलं की नियम ठीक आहे, एक नोंद राहून गेलीय: प्रभार नसलेला, जवळजवळ वस्तुमान नसलेला एक कण तूट घेऊन निसटतोय. २६ वर्षं तो कागदावरच राहिला. १९५६ मध्ये राइन्स आणि काउअन यांनी दक्षिण कॅरोलिनातल्या अणुभट्टीजवळ तो पकडला. कसा? प्रतिन्यूट्रिनो प्रोटॉनवर आदळला की पॉझिट्रॉन आणि न्यूट्रॉन तयार होतात. पॉझिट्रॉन लगेच संपून ५११ चे दोन फोटॉन देतो आणि काही मायक्रोसेकंदांनी न्यूट्रॉन कॅडमियममध्ये शोषला जाऊन दुसरी चमक देतो. आधी जोडी, मग ठरावीक उशिरानं तिसरी खूण. मी रोज रुग्णावर जे वापरतो त्याच आकड्यानं आणि त्याच कोइन्सिडन्सनं तो कण खरा ठरला. आपल्याकडे १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली २.३ किलोमीटरवर, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांनी वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा नोंदवल्या. जगातल्या अशा पहिल्या नोंदींपैकी ती होती. इतक्या खोलीवर का? वर सांगितलेले म्यूऑन तिथपर्यंत पोचेपर्यंत जवळजवळ संपतात आणि मोजणी शांत होते.

इथपर्यंतचं एकदा सरळ मांडतो, म्हणजे मुलीला सांगताना सोपं जाईल. अवअणुकण हा मोठ्याचा बारीक तुकडा म्हणून ओळखला जात नाही. तो पूर्ण एककात येतो-जातो. वस्तुमान, प्रभार, स्पिन अशा मोजक्या आकड्यांत त्याची ओळख संपते आणि त्याच जातीचा प्रत्येक कण अगदी तोच असतो. कुठे सापडेल ते लहरींच्या नियमानं ठरतं. आणि तो दुसऱ्यात बदलू शकतो, बदलल्यावर जे निघतं ते आत साठवलेलं नसतं.

किती कण आहेत, हे मात्र कोण विचारतो यावर आहे. रसायनशास्त्राच्या पेपरला प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन हे तीन पुरतात, आणि मुलीनं परीक्षेत तेच लिहावं. मला कामात पॉझिट्रॉन आणि फोटॉन लागतात. मूलकणांचा आजचा तक्ता १७ चा आहे: सहा क्वार्क, इलेक्ट्रॉन-म्यूऑन-टाऊ आणि त्यांचे तीन न्यूट्रिनो, बलं वाहणारे चार, आणि हिग्ज. त्यात प्रोटॉन-न्यूट्रॉनची नावंच नाहीत, कारण ते मूलकण नाहीत. म्हणून ‘अवअणुकण’ आणि ‘मूलकण’ हे एकाच अर्थानं वापरू नयेत. पहिला शब्द मोठा, दुसरा त्यातला निवडक.

शाळेतलं सूर्यमालेसारखं चित्रही फाडून टाकू नका. प्रमाण समजायला ते कामाचं आहे: हायड्रोजनचं केंद्र मोहरीच्या दाण्याएवढं धरलं तर अणू सव्वाशे मीटर रुंद होतो, जवळजवळ क्रिकेटच्या मैदानाएवढा. फक्त मैदानात एक चेंडू गोल फिरतोय असं समजू नये.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती मुलांना फार लागते. म्यूऑन पॅडलमध्येच थांबला तर थोड्या वेळानं मोडतो आणि त्यातल्या इलेक्ट्रॉनमुळे दुसरी पल्स येते. दोन पल्समधला वेळ हजारो वेळा मोजला की सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंदांच्या जवळ निघतं. आता फक्त असे म्यूऑन निवडा की जे दहा मायक्रोसेकंद टिकले. त्यांचं उरलेलं सरासरी आयुष्य किती? पुन्हा २.२. बल्ब जुना होतो, माणूस थकतो, म्यूऑनला वय नाही. त्याच्या आत झिजण्यासारखं काही नाही, कुठे नोंद ठेवायला जागा नाही. कण म्हणजे फक्त ते मोजके आकडे, हे मला पुस्तकानं नाही, त्या आलेखानं पटवलं.

तुमच्या घरी हे करणं अवघड आहे, पण बाष्पकोठी जमू शकेल. ती कितपत चांगली चालेल हे तुमच्या गावात कोरडा बर्फ मिळतो का यावर आहे. आईस्क्रीम किंवा औषधांची थंड वाहतूक करणाऱ्यांकडे चौकशी करा. लहान काचेची मासेटाकी घ्या. तिच्या तळाला आतून फेल्टची पट्टी चिकटवा, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं भिजवा आणि टाकी काळ्या रंगाच्या धातूच्या ताटावर उलटी ठेवा, ताटाखाली कोरडा बर्फ. कडा टेपनं बंद करा. खोली अंधारी करून बाजूनं एलईडी टॉर्च धरा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. ताटाच्या अगदी जवळ, बोटभर उंचीत, धुक्याच्या रेघा उमटायला लागतील. लांब आणि सरळ ती बहुतेक म्यूऑनची. बारीक आणि वेडीवाकडी ती इलेक्ट्रॉनची. आखूड, जाड, खडूनं ओढल्यासारखी ती हवेतल्या रेडॉनमधून आलेल्या अल्फा कणाची. कोरडा बर्फ उणे ७८ अंशांचा असतो, हातमोज्यांशिवाय धरू नका आणि बंद डब्यात कधीही ठेवू नका, डबा फुटतो. खिडकी उघडी ठेवा, आणि अल्कोहोल चटकन पेटतं म्हणून त्या खोलीत गॅस, उदबत्ती, देवाजवळचा दिवा काही पेटतं नको. पहिल्यांदा रेघा दिसल्या नाहीत तर बहुतेक वेळा ताट पुरेसं गार झालेलं नसतं किंवा कडेनं हवा आत येत असते. ताट बर्फावर सपाट बसलंय का आणि टेप कुठे सुटलीय का, हे दोन आधी बघा.